बोलता आले म्हणजे समजले का?

दहावीच्या वर्गात शिक्षकांनी विचारले, "प्रकाशाचे अपवर्तन म्हणजे काय?" एका मुलीने उठून पुस्तकातली व्याख्या एका दमात म्हणून दाखवली. मागच्या बाकावरच्या मुलाला व्याख्या आठवेना. तो म्हणाला, "सर, पाण्यात पट्टी तिरपी बुडवली की मोडल्यासारखी दिसते ना, ते." दोघांपैकी अपवर्तन कोणाला समजले आहे? अनुभवी शिक्षक लगेच निकाल देणार नाही. तो आणखी एखादा प्रश्न विचारील, तोही पुस्तकात नसलेला. पट्टी अगदी सरळ उभी धरून बरोबर वरून पाहिले, तर ती मोडलेली दिसेल का?

विद्यार्थ्याच्या डोक्यात काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. आपल्यापर्यंत पोचते ती त्याची भाषा. तिच्यावरून आपण त्याच्या समजेचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज पुष्कळदा चुकतो हेही आपल्याला ठाऊक असते. गेली पाऊणशे वर्षे संगणकशास्त्रज्ञ यंत्रांच्या बाबतीत याच पेचात सापडले आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले, आणि हा पेच प्रयोगशाळेतून निघून थेट शाळेच्या दारात आला.

डीप ब्लू या यंत्राने १९९७ साली बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह याला हरवले. पण त्या यंत्राला बुद्धिबळाखेरीज दुसरे काहीही येत नव्हते. माणसाचे तसे नसते. तोच माणूस बुद्धिबळ खेळतो, भाजी निवडतो, भांडण मिटवतो आणि नवे काम समोर आले तर तेही शिकून घेतो. अशी कोणत्याही एका कामाला न जखडलेली बुद्धी यंत्रात आणता येईल का, हा सर्वसाधारण कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न आहे. तिची सर्वांना मान्य होईल अशी व्याख्या अजून झालेली नाही. मात्र तिच्याकडे जाणारी वाट भाषेतून जाते, असा या क्षेत्रातल्या अनेकांचा पहिल्यापासूनचा समज आहे. तो कितपत खरा आहे ते पाहू.

ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात यंत्राच्या बुद्धीची कसोटी म्हणून लेखी संभाषणच सुचवले होते. पडद्याआडच्या यंत्राशी प्रश्नोत्तरे करूनही ते यंत्र आहे की माणूस हे ओळखता आले नाही, तर त्याला विचार करता येतो असे मानायला काय हरकत आहे, असा त्यांचा सवाल होता. १९५५ साली मॅकार्थी, मिन्स्की, रॉचेस्टर आणि शॅनन या चौघांनी 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव देऊन संशोधनाचा एक प्रस्ताव मांडला. त्यातही यंत्राला भाषा वापरायला कशी शिकवायची, हे आरंभीच होते.

या कसोटीतली फट लवकरच दिसली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतले जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाची एक आज्ञावली प्रसिद्ध केली. ती मानसोपचारतज्ज्ञाचे सोंग घेत असे. तिची युक्ती अगदी साधी होती. समोरच्याने लिहिलेल्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा, 'मला'चे 'तुम्हाला' करायचे आणि वाक्य प्रश्न करून परत करायचे. मराठीत सांगायचे तर "मला आज उदास वाटतंय" याला "तुम्हाला आज उदास का वाटतंय?" असे उत्तर. आत समज म्हणावी असे काहीच नव्हते. तरीही लोक तिच्याशी मन मोकळे करू लागले. वायझेनबाउम यांच्या सचिव बाईंना ही आज्ञावली म्हणजे काय हे चांगले ठाऊक होते, पण तिच्याशी बोलताना त्यांनीही वायझेनबाउम यांना खोलीबाहेर जायला सांगितले! पुढचा जन्मभर वायझेनबाउम या क्षेत्राचे कडवे टीकाकार राहिले.

ठोकळ्यांचे जग

त्याच संस्थेत टेरी विनोग्राड यांनी १९६८ ते १९७० या काळात अगदी उलट प्रकारची आज्ञावली लिहिली. तिचे नाव श्रडलू. संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठोकळे, पिरॅमिड आणि एक खोके होते. "मोठा तांबडा ठोकळा उचल" असे इंग्रजीत लिहिले की ती तो उचलत असे. त्यावर दुसरा ठोकळा असेल तर आधी तो बाजूला ठेवत असे. "असे का केलेस?" या प्रश्नालाही ती उत्तर देई. कोणता पिरॅमिड म्हणता ते कळले नाही, हेही ती सांगे. इथे शब्दांना खरोखरच अर्थ होता, कारण शब्दांमागे एक जग होते. अडचण एवढीच, की ते जग टेबलाएवढे होते. ते वाढवू गेले की नियमांची संख्या हाताबाहेर जाई.

का जाई, ते एका छोट्या वाक्यावरून कळेल.

कढई पिशवीत मावेना, कारण ती फार मोठी आहे.
कढई पिशवीत मावेना, कारण ती फार लहान आहे.

पहिल्या वाक्यात 'ती' म्हणजे कढई, दुसऱ्यात 'ती' म्हणजे पिशवी. हे चौथीतले मूलही क्षणात सांगेल. पण व्याकरणाच्या कोणत्याही नियमाने ते ठरत नाही. दोन्ही वाक्यांची रचना तंतोतंत सारखी आहे. उत्तर येते ते वस्तूंविषयीच्या ज्ञानातून. मोठी वस्तू लहान वस्तूत मावत नाही, हे वाक्यात कुठेच लिहिलेले नाही. अशा प्रकारचे एक उदाहरण विनोग्राड यांनी १९७२ साली दिले होते. हेक्टर लेव्हेक आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अशा वाक्यजोड्यांची रीतसर परीक्षाच तयार केली आणि तिला विनोग्राड यांचेच नाव दिले. त्यांच्या इंग्रजी वाक्यांत ट्रॉफी आणि सुटकेस होती. मराठीत मात्र 'करंडक पेटीत मावेना' असे लिहून चालणार नाही, कारण करंडकासाठी 'तो' आणि पेटीसाठी 'ती' येते. तिथे लिंगच चुगली करते आणि जग जाणण्याची गरज उरत नाही.

नियम लिहून भाषा शिकवता येईल, या आशेच्या काळातलीच एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती शाळांच्या फलकांवर अजून दिसते. "नासाने संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा ठरवली आहे" असे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. नासाने असे काहीही ठरवलेले नाही. नासाच्या एम्स केंद्राशी संलग्न असलेल्या एका संस्थेतले रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका नियतकालिकात एक लेख लिहिला होता. वाक्यातले कर्ता, कर्म, करण यांचे संबंध उलगडून दाखवण्याची आपल्या वैयाकरणांची पद्धत संगणकात ज्ञान मांडण्याच्या त्या वेळच्या पद्धतीशी कशी जुळते, हे त्यांनी त्यात दाखवले होते. त्यासाठी त्यांनी आधार घेतला होता तो काशीचे महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट यांच्या विवेचनाचा. लेख वाचण्यासारखा आहे. पण कोणी, काय, कशाने केले हे कितीही नेमके उलगडले, तरी कढई पिशवीपेक्षा मोठी की लहान हे त्यातून कळत नाही. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांची थोरवी वेगळ्या जागी आहे. कढईचा प्रश्न सोडवण्यासाठी ती रचलेलीच नव्हती.

पुढचे अक्षर ओळखा

दुसरी वाट क्लॉड शॅनन यांनी दाखवली. वर म्हटलेल्या चौघांपैकी हे एक. १९५१ साली त्यांनी एका खेळासारख्या प्रयोगाची हकिगत प्रसिद्ध केली. एका माणसाला पुस्तकातला उतारा अक्षराअक्षराने ओळखायला सांगायचे आणि प्रत्येक अक्षरासाठी किती प्रयत्न लागले ते नोंदवायचे. इंग्रजीची २६ अक्षरे आणि मोकळी जागा ही २७ चिन्हे सारख्याच शक्यतेने येत असती, तर प्रत्येक चिन्ह ओळखण्यासाठी 'हो की नाही' प्रकारचे सरासरी पावणेपाच प्रश्न लागले असते. प्रत्यक्षात, मागचा मजकूर माहीत असलेल्या माणसाला ०.६ ते १.३ एवढीच माहिती पुरते, असा शॅनन यांचा हिशोब निघाला. म्हणजे बाकीची माहिती वाचणाऱ्याच्या डोक्यात आधीच होती.

हा प्रयोग वर्गात करून पाहावा. खडू आणि फळा एवढेच साहित्य लागते. एक साधे वाक्य मनात धरा आणि मुलांना एकेक अक्षर ओळखू द्या. शब्दाच्या पहिल्या अक्षराला बरेच प्रयत्न लागतील, पुढची अक्षरे भराभर येतील. मग शब्दांवर या. 'बर्फ पाण्यावर...' याच्यापुढे काय येईल? 'गंगूने बारा आंबे आणले, पाच शेजारी दिले, घरात उरले...' याच्यापुढे काय? पहिल्या जागी भौतिकशास्त्र लागते, दुसऱ्या जागी वजाबाकी. पुढचा शब्द ओळखणे हे वरवर क्षुल्लक काम आहे, पण ते उत्तम रीतीने करायचे तर जगातले जवळजवळ काहीही माहीत असावे लागते.

आजच्या भाषाप्रणालींचे मूळ प्रशिक्षण म्हणजे हाच खेळ. मज्जापेशींच्या जाळ्यावरून ढोबळ कल्पना घेतलेले गणिती जाळे, अफाट मजकूर आणि एकच काम: पुढचा शब्दखंड ओळखा, चुकलात तर जाळ्यातले आकडे किंचित हलवा, पुन्हा ओळखा. ट्रान्सफॉर्मर नावाची रचना २०१७ साली आल्यावर हे मोठ्या प्रमाणावर करता येऊ लागले. २०२० सालच्या जीपीटी-३ मध्ये असे १७,५०० कोटी आकडे होते आणि त्याला सुमारे ३०,००० कोटी शब्दखंडांवर शिकवले होते. मोठ्या लहान वस्तूंचा, लिंगवचनाचा, कशाचाही नियम त्यात कोणी हाताने लिहिला नव्हता.

आणि कढईचे वाक्य? विनोग्राड परीक्षेची स्पर्धा २०१६ साली न्यूयॉर्कला झाली, तेव्हा पहिल्या आलेल्या प्रणालीला ५८ टक्के गुण मिळाले. हे नाणे उडवण्यापेक्षा थोडेसेच बरे. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, २०१९ मध्ये, भाषाप्रणालींनी अशा वाक्यांवर ९० टक्क्यांच्या आसपास मजल मारली.

तेव्हा प्रश्न पुन्हा तोच उभा राहिला. समजले, की पाठ झाले? परीक्षेची वाक्ये इंटरनेटवर होती आणि प्रशिक्षणाचा मजकूरही तिथलाच. जीपीटी-३ च्या कर्त्यांनी स्वतःच तपासले, तेव्हा परीक्षेतली बरीच वाक्ये प्रशिक्षणाच्या मजकुरात सापडली. मात्र ती वगळूनही गुण फारसे घसरले नाहीत. निव्वळ पाठांतर म्हणून हात झटकता येतील, असे ते नव्हते.

जाळ्याच्या आत खरोखर काय तयार होते, हे पाहण्याचा मला सर्वांत आवडलेला प्रयोग भाषेचा नाहीच. तो ऑथेलो या खेळाचा आहे. ६४ घरांच्या पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडायच्या. दोन बाजूंनी कोंडलेल्या सोंगटीचा रंग पालटतो. केनेथ ली आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली भाषाप्रणालीच्याच जातीचे एक जाळे घेतले आणि त्याला फक्त डावांच्या नोंदी दिल्या. अमुक घर, मग तमुक घर, अशी नुसती यादी. पट असतो, तो चौकोनी असतो, सोंगट्यांना रंग असतात, यातले काही सांगितले नाही. पुढची चाल ओळखायची एवढेच काम. जाळे ते शिकले. मग संशोधकांनी त्याच्या आतले आकडे तपासले, तर कोणत्या घरात कोणाची सोंगटी आहे ते त्या आकड्यांवरून वाचता आले! एवढ्यावर न थांबता त्यांनी ते आकडे मुद्दाम बदलले, म्हणजे जणू आतल्या पटावरच्या एका सोंगटीचा रंग पालटला. जाळ्याने लगेच बदललेल्या पटाला साजेशा चाली सुचवल्या. नुसत्या चिन्हांच्या ओळीतून, ती चिन्हे जिथून आली त्या जगाचा एक नकाशा तयार झाला होता आणि तो वापरलाही जात होता. 'यंत्र म्हणजे पोपट' म्हणून विषय संपवणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात घ्यावा.

अर्थात ऑथेलोचे जग चौसष्ट घरांचे आहे. त्याचे सर्व नियम नोंदीत उतरतात.

कप्तानाचे वय

आता नाण्याची दुसरी बाजू. ॲपल कंपनीतील संशोधकांनी २०२४ साली शाळकरी गणिते घेऊन भाषाप्रणालींची परीक्षा घेतली. एक गणित साधारण असे होते. ऑलिव्हरने शुक्रवारी ४४ किवी तोडली, शनिवारी ५८, रविवारी शुक्रवारच्या दुप्पट; पण त्यातली पाच जरा लहान होती. एकूण किवी किती? उत्तर १९०. फळ लहान असले म्हणून ते मोजायचे राहत नाही. काही नामांकित प्रणालींनी मात्र पाच वजा करून १८५ सांगितले. असे एक निरुपयोगी वाक्य घातल्यावर काही प्रणालींचे गुण ६५ टक्क्यांपर्यंत घसरले.

हे वाचून हसण्याआधी फ्रान्समधल्या ग्रनोबलची गोष्ट आठवावी. १९८० च्या सुमारास तिथल्या गणित-अध्यापन संस्थेने ९७ लहान मुलांना विचारले: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काही ना काही आकडेमोड करून वय काढले. ही मुले निर्बुद्ध नव्हती. गणिताच्या तासाला येणाऱ्या मजकुराची चाल त्यांनी अचूक ओळखली होती. तिथे दिलेला प्रत्येक आकडा वापरायचा असतो, उत्तर नेहमी असतेच आणि 'हे सांगता येणार नाही' असे लिहिले तर गुण मिळत नाहीत. यंत्रानेही शाब्दिक उदाहरणांची हीच चाल उचलली. नंतरच्या प्रणाली अशी गणिते पुष्कळ बऱ्या सोडवतात. तरी शब्दांच्या ओळखीच्या वळणावर समज घसरते, हे दोघांतले साम्य मला महत्त्वाचे वाटते.

मग भाषा आणि विचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय? माणसाच्या मेंदूपुरते बोलायचे, तर बऱ्याच अंशी होय. इंग्लंडमध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या रोझमेरी व्हार्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूला इजा झाल्याने त्यांची भाषा जवळजवळ गेली होती. सिंहाने माणसाला मारले की माणसाने सिंहाला, हा फरक इंग्रजीत केवळ शब्दांच्या क्रमावरून कळतो, आणि तो त्यांना सांगता येत नसे. पण ५९ मधून १३ वजा करणे आणि १३ मधून ५९ वजा करणे यांतला फरक ते बरोबर जाणत. कंसांची उदाहरणेही सोडवत. एमआयटीतल्या एव्हलिना फेडोरेंको यांच्या गटाने निरोगी माणसांच्या मेंदूची चित्रे घेऊन दाखवले, की वाचता-ऐकताना कामाला लागणारा भाषेचा भाग आकडेमोड करताना किंवा तर्काची कोडी सोडवताना जवळजवळ स्वस्थ असतो. भाषा हे मुख्यतः विचार पोचवण्याचे साधन आहे, विचार करण्याचे नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी व सहकाऱ्यांनी २०२४ साली 'नेचर'मध्ये मांडला.

हे निष्कर्ष यंत्राला जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण एक सावधगिरी शिकवतात. वाक्य शुद्ध, ओघवते आणि प्रसंगाला धरून असणे ही एक क्षमता आहे आणि त्या वाक्यामागे हिशोब, तर्क, जगाची जाण असणे ही दुसरी. माणसात दोन्ही बहुधा एकत्र भेटतात, म्हणून पहिली दिसली की दुसरी गृहीत धरायची आपल्याला सवय लागली आहे. यंत्रात पहिली आधी आली आणि फार झपाट्याने आली.

तरीही भाषेला नुसती टपालखात्याची नोकरी देऊन चालत नाही. ब्राझीलमधल्या अमेझॉनच्या खोऱ्यात पिराहा नावाची जमात आहे. त्यांच्या भाषेत नेमक्या संख्या सांगणारे शब्दच नाहीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्यासमोर दोऱ्याची रिळे मांडली आणि तितकेच फुगे ठेवायला सांगितले. समोरासमोर एकास एक जोडी लावणे त्यांना छान जमले. रिळे झाकून टाकली की मात्र चुका होऊ लागल्या. सात ही संख्या दिसण्यासाठी शब्द लागत नाही. ती डोक्यात धरून ठेवायला लागतो. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असे संख्यावाचन आल्यावर आपल्याकडे केवढे वादळ उठले होते! संख्येचे नाव कसे असावे हा भावनेचाच प्रश्न नाही, ते नाव डोक्यात कामाला येते.

यंत्राच्या बाबतीत हेच घडले. उत्तर एकदम मागण्याऐवजी पायऱ्या लिहायला लावल्या, तर तीच प्रणाली गणिते पुष्कळ जास्त बरोबर सोडवते, असे गूगलमधल्या संशोधकांनी २०२२ साली दाखवले. फळ्यावर आपण मुलांना 'रीत लिहा' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. कच्च्या कामाची वही म्हणून भाषा वापरण्याची ही युक्ती किती दूर जाते, ते गणित ऑलिंपियाडमध्ये दिसले. २०२४ साली गूगल डीपमाइंडच्या प्रणालींनी ४२ पैकी २८ गुणांचे काम केले. पण त्यासाठी प्रश्न आधी माणसांनी लीन नावाच्या काटेकोर औपचारिक भाषेत उतरवून द्यावे लागले आणि काही प्रश्नांना तीन दिवसांपर्यंत वेळ लागला. २०२५ साली त्याच कंपनीच्या प्रणालीने प्रश्न साध्या इंग्रजीत वाचले, सिद्धताही इंग्रजीत लिहिल्या आणि साडेचार तासांच्या ठरलेल्या वेळेत ३५ गुण मिळवले. सुवर्णपदकाच्या तोडीचे हे काम झाले. काटेकोर भाषेशिवाय यंत्राला तर्क जमणार नाही, असे मानणाऱ्यांपैकी मीही एक होतो. बोलीभाषेची ढिली वीणही एवढे वजन पेलेल, असे फार थोड्यांना वाटले होते.

मजकुरात न उतरलेले

माझा मुख्य आक्षेप तर्काबद्दल नाही. माणसे काय लिहितात आणि काय लिहीत नाहीत, याबद्दल आहे. जे सर्वांना माहीत असते ते कोणी लिहीत नाही. 'तो शाळेत गेला, तेव्हा डोके बरोबर घेऊन गेला' असे वाक्य कुठेही सापडणार नाही. भाकरीचे पीठ किती सैल, दूध उतू जाण्याआधी कसा आवाज येतो, हे हाताला आणि कानाला ठाऊक असते. कागदावर त्याची सावलीच येते. म्हणून यॅन लकून यांच्यासारखे शास्त्रज्ञ सांगतात, की नुसत्या मजकुरावर शिकून सर्वसाधारण बुद्धिमत्ता येणार नाही, यंत्राने जग पाहून शिकले पाहिजे. त्यांच्या म्हणण्याला आकड्यांचाही आधार आहे. मूल तेरा वर्षांचे होईपर्यंत फार तर दहा कोटी शब्द ऐकते, असा अंदाज आहे. २०२४ सालच्या लामा-३ या प्रणालीला १५ लाख कोटींहून अधिक शब्दखंड लागले. दीड लाख पट! मुलाकडे शब्द कमी असतात, पण प्रत्येक शब्दाबरोबर एक कढई, एक चटका, एक हसणारा चेहरा येतो. आता यंत्रांना चित्रे आणि चलच्चित्रेही दाखवली जातात, त्यामुळे ही दरी काहीशी भरेल. पण पाहणे म्हणजे हाताळणे नव्हे.

यात आपल्या भाषेचे काय होते, तेही पाहायला हवे. जीपीटी-३ च्या प्रशिक्षणातले सुमारे ९३ टक्के शब्द इंग्रजी होते. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे ८ कोटी ३० लाख. पण आपला बराच व्यवहार बोलण्यात होतो आणि जो छापला जातो तोही इंटरनेटवर पुरता पोचत नाही. त्यात आणखी एक तांत्रिक अडचण. संगणकात रूढ असलेल्या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'शाळा' या शब्दात चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. सुरुवातीच्या प्रणाली अशा शब्दाचे कित्येक तुकडे करत. 'स्कूल' हा इंग्रजी शब्द त्यांना अखंड मिळे. २०२४ पासूनच्या काही प्रणालींत हे तुकडे बरेच कमी झाले आहेत, पण मूळ मजकूरच थोडा, ही उणीव त्याने भरत नाही.

आणि मराठीत जे साठले आहे ते इंग्रजीत जसेच्या तसे नाही. काच फुटते, दोर तुटतो, काठी मोडते. इंग्रजी बोलणारा या तिन्हींसाठी 'ब्रेक' हे एकच क्रियापद चालवून नेतो. आपली क्रियापदे वस्तू ठिसूळ आहे, ताणलेली आहे की ताठ आहे हे सांगून जातात. प्रत्येक भाषेने जगाचे असे काही ना काही टिपून ठेवलेले असते. जी भाषा यंत्राने थोडी वाचली, तिने टिपलेले त्याच्या हाती थोडेच लागणार.

आपल्या विद्यार्थ्यांकडून मराठीतल्या कढई-पिशवीसारख्या वाक्यजोड्या करवून घ्याव्यात. दोन्ही नामांचे लिंग-वचन एकच हवे, एखादाच शब्द बदलल्याने 'तो' किंवा 'ती' कोण ते बदलले पाहिजे, आणि वाक्य कोणत्याही पुस्तकातले नसावे. मग ती हाताशी असलेल्या भाषाप्रणालीला घालून पाहावीत आणि उत्तराबरोबर कारणही मागावे. सुरुवातीला एक देऊन ठेवतो: 'बैलाचा दोर खुंट्याला बांधला होता. बैलाने हिसका दिला आणि तो तुटला.' 'तुटला'च्या जागी आधी 'उपटला' घालावे, मग 'उधळला'. तिन्ही नामे पुल्लिंगी आहेत.